चार वाट्या पाणी

आमच्या महाविद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मला फोन आला. बोलणारा माझाच जुना विद्यार्थी, आता तिथंच प्राध्यापक आहे. म्हणाला, "सर, त्या मुंग्यावाल्या सरांवर एक हलकाफुलका लेख द्या ना. हारातल्या मुंग्यांचा किस्सा घ्या. लोक लय हसतेत त्याला."

लोक हसतात हे मला माहीत आहे. गेली वीस-बावीस वर्षं हसताहेत. लग्नाच्या पंगतीत, निरोपसमारंभात, आणि आता व्हॉट्सअ‍ॅपवर. किस्सा असा सांगतात: प्राणिशास्त्र विभागात एक येडे सर होते, त्यांनी काचेच्या पेटीत मुंग्या पाळल्या होत्या. संस्थेच्या अध्यक्षांनी ती खोली काढून घ्यायचं ठरवलं, तेव्हा सरांनी सूड म्हणून मुंग्या सोडल्या. त्या थेट अध्यक्षांच्या हारात शिरल्या आणि अध्यक्ष व्यासपीठावर नाचले. मग सांगणारा स्वतःची कॉलर झटकून नाचून दाखवतो. मीही हसलेलो आहे. पहिल्यांदा हसलो तेव्हा मला हायसं वाटलं होतं, की आता गोष्टीला एक रूप आलं, यापुढं कुणी खोदून विचारणार नाही.

या किश्शातला नाच खरा आहे. हारातल्या मुंग्याही खऱ्या आहेत. सरांनी त्या सोडल्या, हे खोटं आहे. त्या मी सोडल्या. लेख मागितलाच आहे तर देतो. हलकाफुलका होणार नाही.

आधी एक सांगून टाकतो. सर देवमाणूस नव्हते. मेलेल्या प्रत्येकाला देवमाणूस करायची आपल्याकडं जी रीत आहे, तिचा मला संताप येतो. ते तुसडे होते, हट्टी होते, आणि समोरच्याला कुठं लागेल ते बरोबर हेरून बोलायचे. चहा कुणाला पाजत नसत. स्वतःचा चहा आला की त्याच्याबरोबर गुळाचा खडा आलेला असे, तो आधी पेटीत जाई, मग कप ओठाला लागे. एकदा विद्यापीठातून आलेल्या पाहुण्यांनी काचेकडं बघत विचारलं, "याचा उपयोग काय?" सरांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुमचा काय हाय?"

बोलण्यात त्यांची एक उलटी रीत होती. रोजचं बोलणं पक्कं चुडाव्याचं. गाव सोडून ते कधी राहिलेच नाहीत, चुडाव्याहून रोज पॅसेंजरनं परभणीला यायचे. वर्गातही 'बगा', 'हाय', 'न्हाई' असंच चालायचं. पण राग आला की एकदम पुस्तकातली शुद्ध मराठी. "आपण बाहेर गेलात तर माझ्यावर उपकार होतील." पोरांना हे पाठ होतं. सरांच्या तोंडून 'आपण' ऐकू आलं की मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजायचं, "सर शुद्ध झाले रे, पळा!"

आता पेटीबद्दल. आजच्या पोरांनी ती जिवंत कधी पाहिलेली नाही, म्हणून नीट सांगतो.

प्रयोगशाळेच्या उत्तरेकडच्या खिडकीजवळ एक सागवानी टेबल होतं, भिंतीपासून हातभर सुटं. त्यावर बाजेएवढी काचेची पेटी, वरून उघडी. मी नोकरीला लागलो तेव्हा ती तिथं होतीच. आत नदीची रेती, कुजलेला पालापाचोळा, बाभळीचा एक सडका बुंधा, शेवाळ आणि नेचे. बाहेर परभणीचा उन्हाळा, डांबर चपलेला चिकटतं असा, आणि पेटीवर वाकलं की ओल्या रानाचा वास. आत मुंगळे होते, काळे, चकचकीत, किती ते देवाला ठाऊक. शिवाय गोगलगायी, हात लावला की चकलीसारखे गुंडाळणारे वाणी, अंगाची गोळी करून पडणारे करडे किडे, पाचोळ्यात उड्या मारणारे तिळाहून बारीक पांढरे जीव, आणि एक नखाएवढा बेडूक, जो दिसायचा कमी आणि ओरडायचा जास्त. मुंगळ्यांची राणी त्यांनी राणीसावरगावातल्या एका कडुलिंबाच्या बुडातून आणली होती. त्यावरूनही पोरांचे विनोद चालत.

एका कोपऱ्यात रुईचं रोप होतं आणि त्यावर माव्याची कीड. मुंगळे त्या माव्याची राखण करायचे, त्याच्या अंगातून पाझरणारा गोड रस प्यायचे. कापूसवाल्यांची पोरं डोक्याला हात लावायची. "घरी बाप मावा मारायलाय अन् इथं सर मावा पाळायलेत!" सर म्हणायचे, "तुज्या बापाला सांग, मारायच्या आधी एक डाव बसून बग म्हणावं."

त्यांनी या पेटीची कधी एक ओळ लिहून ठेवली नाही. मी विचारलं होतं, निदान नोंदी तरी ठेवा, शोधनिबंध होईल. म्हणाले, "लिहायला लागलं की मान खाली जाती. मान खाली गेली की मुंगी दिसत न्हाई." मला हे तेव्हा आळशाचं निमित्त वाटलं होतं. अजूनही थोडं वाटतं.

शेवाळ आणि नेचे आमच्या कोरड्या मुलखात कुठून यायचे? विहिरींतून. जुन्या दगडी विहिरीच्या आत, जिथं ऊन पोचत नाही तिथं, दगडांच्या सांदीत नेचा उगवतो. सर त्यासाठी गावोगावच्या विहिरींत उतरायचे. एकदा बोरीला मी बरोबर होतो. सरांनी चपला काठावर काढल्या, शर्ट काढून घडी घालून चपलांवर ठेवला, गळ्यातलं इष्टलिंग (सर लिंगायत होते) दातात धरलं आणि पायऱ्या उतरून आत गेले. मी लघवीला गेलो होतो. परत येतो तर विहिरीभोवती पंधरा-वीस माणसं, एक म्हातारी ऊर बडवायलेली. "मास्तर, असं करू नका हो! लेकरंबाळं हायेत! काय असल ते बसून बोलू!" खालून सरांचा आवाज घुमला, "गप बसा! हालू नका! माती पडायलीय नेच्यावर!" एक गडी मला म्हणाला, "जीव द्यायला गेलेला माणूस आमालाच दम द्यायलाय की!"

तोच माणूस उन्हाळ्यात कुठं जात नसे. सुट्टीतही रोज गाडीनं यायचा, खिडक्यांना ओली पोती बांधायचा, पेटीवर टांगलेल्या मडक्यातून चिंधीच्या वातीनं थेंब थेंब पाणी सोडायचा. मुलीचं लग्नसुद्धा त्यांनी मार्गशीर्षात लावलं. व्याही म्हणाले होते, वैशाखातला मुहूर्त चांगला आहे. सर म्हणाले, "वैशाखात मला जमत न्हाई. घरी आजारी माणूस हाय." व्याही बिचारे घाबरून गेले, कोण आजारी म्हणून चुडाव्याला चौकशीला आले, तर घरात सगळे ठणठणीत.

आणि आता वाट्या. सगळं त्या वाट्यांवर होतं.

पेटीला झाकण नव्हतं. झाकण घातलं की आत बुरशी माजते, हवा कोंडते. मग मुंगळे बाहेर कसे पडत नसत? आमच्या भागात घरोघरी जाळीचं कपाट असायचं, दूध, दही, लोणी ठेवायला. त्याच्या चार पायांखाली चार वाट्या आणि वाट्यांत पाणी. मुंगी ते पाणी ओलांडत नाही. आपल्या आया-आज्या हे करायच्या ते मुंग्या कपाटात येऊ नयेत म्हणून. सरांनी तेच उलटं वापरलं. टेबलाचे चार पाय पाण्याच्या चार जर्मलच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, वाट्यांत उभे होते. टेबल म्हणजे बेट झालं. मुंगळे पेटीतून निघायचे, टेबलाच्या पायावरून खाली यायचे, पाण्याला मिशा लावून बघायचे आणि परत जायचे. वर्षानुवर्षं. पाण्यात डास होऊ नयेत म्हणून प्रत्येक वाटीत करडईच्या तेलाचा एक थेंब. हा थेंब लक्षात ठेवा.

सकाळी आले की छत्री खुंटीला लावायच्या आधी सर गुडघ्यांवर टेकून टेबलाखाली जायचे आणि वाट्या भरायचे. आमचं पाणी जड, क्षाराचं. त्या पाण्याची एक पांढरी रेघ चारी पायांवर बसली होती, चुन्यानं ओढल्यासारखी. पाणी रेघेला टेकलं की ते उठायचे आणि मग त्यांचा दिवस सुरू व्हायचा.

माझं आणि त्यांचं कधी जमलं नाही. मी त्यांच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, पुस्तकं भरपूर वाचलेला, वर्गात टिपणं चांगली देणारा. पोरं माझ्या टिपणांवर पास व्हायची आणि सरांच्या पेटीभोवती गोळा व्हायची. एकदा भर वर्गात ते म्हणाले, "ह्ये आमचे पुस्तकातले सर. ह्यांना मुंगी चावली तर आधी पान काढून बगतेल, कोणती चावली ते." त्या दिवसापासून माझं नाव पानसर पडलं. मी निवृत्त झालो तरी तेच होतं.

ते मी गिळलं. दुसरं गिळता आलं नाही. माझे वडील मे महिन्यात गेले. सगळे सहकारी भेटून गेले. सर आले नाहीत. जूनमध्ये मी डोकं भादरलेला महाविद्यालयात गेलो, प्रयोगशाळेत शिरलो. ते मडक्याची वात बदलत होते. वळून माझ्या डोक्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "येणं झालं न्हाई. तुमच्या वडलाला आता पाण्याची गरज न्हाई. ह्यांना हाय." आणि पुन्हा वातीकडं वळले.

त्यांना ते दुष्टपणानं म्हणायचं नव्हतं, हे मला आज कळतं. त्यांच्या हिशेबानं ती नुसती वस्तुस्थिती होती. पण हे समजून घ्यायला मी बांधील नव्हतो आणि आजही नाही. ज्या माणसाला माव्याची माया कळते त्याला बाप मेलेल्या माणसाची कळू नये, याचा मला आजही राग आहे. त्यांच्याबद्दल चांगलं लिहायला बसलो असतानाही आहे.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी वसतिगृहातल्या दोन मुलांना डेंगू झाला. प्राचार्य घाबरले, कारण चार दिवसांत बाहेरची तपासणी समिती येणार होती. आरोग्य मोहीम काढली आणि प्रमुख मला केलं. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. हौद, रांजण, कुंड्यांखालच्या ताटल्या, सगळं साठलेलं पाणी ओतून भांडी पुसून कोरडी करायची. शनिवारचा दिवस ठरला. मी पोरांच्या टोळ्या केल्या आणि सगळा परिसर कोरडा केला. दुपारी पोरं गेली. सर बाराच्या गाडीनं चुडाव्याला गेले होते. प्रयोगशाळेची दुसरी किल्ली माझ्याकडं होती.

मी एकटा आत गेलो.

वाट्यांमध्ये टेबलाचे पाय होते, त्यामुळं त्या उचलून ओतता येत नव्हत्या. मी बादली आणि फडकं घेतलं. गुडघ्यांवर टेकलो. एका वाटीत फडकं बुडवलं, पाणी टिपलं, बादलीत पिळलं. पुन्हा बुडवलं. असं चारी वाट्यांचं केलं. हे काम झटक्यात होत नाही. मध्ये थांबायला भरपूर वेळ असतो. फडक्याला करडईच्या तेलाचा वास येत होता, म्हणजे त्या पाण्यात डास होणं शक्य नाही हे माझ्या हातालाच कळत होतं. आमच्या घरी जाळीचं कपाट होतं. त्याच्या वाट्या लहानपणी मीच भरायचो. तेव्हा, मला माहीत नव्हतं असं मी कुणाला सांगू शकत नाही. वाट्या शेवटी पुसूनही घेतल्या, कोरड्या ठाक. नियम तसा होता. मी अजून खालीच होतो तेव्हा एक मुंगळा पायावरून उतरला, वाटीच्या काठावर थांबला, मिशा फिरवल्या, आणि वाटीच्या तळातून चालत पलीकडं फरशीवर गेला. मी त्याला जाताना पाहिलं. मग बादली उचलली आणि कुलूप लावलं.

मनात काय होतं? 'कोरडा दिवस म्हणजे कोरडा दिवस.' एवढंच वाक्य होतं. माणूस स्वतःशी खोटं बोलतो तेव्हा नियमाच्या भाषेत बोलतो.

रविवार गेला; पावसाळ्यात सर रविवारी येत नसत. सोमवारी समिती आली. प्रयोगशाळेच्या शेजारच्या खोलीत रविवारी संध्याकाळीच पेढ्यांचे डबे आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेले निशिगंधाचे हार आणून ठेवले होते. ते घाईघाईत तसेच उचलून सभागृहात नेले. अध्यक्षांच्या गळ्यात सगळ्यांत जाड हार पडला. ते बोलायला उभे राहिले. "ही संस्था मी घामातून..." एवढं म्हणाले आणि मानेवर चापट मारली. "...घामातून उभी..." दुसरी चापट. मग हार फेकला, शर्टाची बटणं तोडली आणि पुढचं ते बोललेच नाहीत. मागून कुणीतरी ओरडलं, "साहेबाच्या अंगात आलं!" समितीचे पाहुणे खुर्च्यांवर पाय घेऊन बसले.

सर तेवढ्यात, उशिरा आलेल्या गाडीनं पोचले. भिंतीवर काळी रांग होती, प्रयोगशाळेच्या दारापासून सभागृहापर्यंत. ते रांगेच्या उलट्या दिशेनं जवळजवळ पळतच आत गेले. मी मागोमाग गेलो. ते टेबलाखाली वाकले, वाट्यांत बोट फिरवलं, बोट नाकाला लावलं.

प्राचार्यांच्या खोलीत अध्यक्ष गळ्याला बर्फ लावून बसले होते. महिनाभरापूर्वीच त्यांनी सरांची खोली संगणकासाठी मागितली होती आणि सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "पहिलं माज्या मुंग्यांना विचारा." तेच आता अध्यक्षांनी काढलं. "विचारलं ना मुंग्यांना? उत्तर दिलं ना त्यांनी? कामून केलं हे, मास्तर? तुमाला काय वाटलं, मला कळायचं न्हाई?"

मी तिथंच उभा होतो. तोंड उघडायला एक श्वास पुरला असता. सरांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते म्हणाले, "मुंग्या माज्या हायत. जिम्मा माजा." आणि लगेच, अगदी दुसऱ्याच विचारात, "राणी बाहेर आली का बगाया पाहिजे. जाऊ का मी?"

लोक याला मोठेपणा म्हणतील. मला त्यात मोठेपणा दिसला नाही. त्यांना खरोखरच अध्यक्ष, प्राचार्य, मी, आम्ही कुणी महत्त्वाचे वाटत नव्हतो. आम्ही त्यांच्या आणि राणीच्या मध्ये उभे होतो, एवढंच. माझा गुन्हासुद्धा त्यांनी लक्ष देण्यासारखा मानला नाही, याचा मला त्या क्षणी अपमान वाटला. इतका मी खाली गेलो होतो.

अध्यक्षांनी हुकूम दिला, आजच्या आज फवारून टाका. त्यांच्या शेतावरून गडी आला, पाठीवर कापसाचा फवारणी पंप आणि त्यात कापसावर मारायचंच औषध. बंद खोलीत, काचेच्या पेटीवर. प्राचार्य मला म्हणाले, "मोहिमेचे प्रमुख तुम्ही. तुमच्या देखरेखीखाली होऊ द्या."

गडी बाहेर पंपाला हवा भरत होता. सर पेटीजवळ होते. त्यांनी मला हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या आवाजात विनवणी होती. "धरा हो एका बाजूनं. दोघं मिळून व्हरांड्यात तरी काढू. राणी आतच हाय, बुंध्यात हाय. निम्म्या अजून आतच हायत. धरा." ते वाकले होते, गळ्यातलं लिंग काचेवर आपटू नये म्हणून एका मुठीत धरलेलं आणि दुसऱ्या हातानं पेटीची कड.

मी म्हणालो, "प्राचार्यांची परवानगी आणा."

ते तसेच वाकलेले माझ्याकडं बघत राहिले. मग दोन्ही हातांनी स्वतःच ओढू लागले. पेटी बोटभरही हलली नाही. गडी आत आला आणि तोंडाला रुमाल बांधता बांधता म्हणाला, "सर, सरका. लय कडक हाय ह्ये." मी सरांचा दंड धरून त्यांना बाहेर घेतलं. तेवढं काम मी केलं.

त्यानंतर पेटीत काही उरलं नाही. बेडूक दुसऱ्या दिवशी पोट वर करून शेवाळावर दिसला. सरांवर ठपका आला, वेतनवाढ थांबली, खोलीची निम्मी जागा गेली. गावभर गोष्ट झाली. आणि ते? रोज सकाळच्या गाडीनं आले, गुडघ्यांवर टेकले, रिकाम्या पेटीखालच्या वाट्या रेघेपर्यंत भरत राहिले. वरून मडक्याचं पाणी सुरू ठेवलं. लोकांना हसायला आणखी एक कारण मिळालं.

माझ्याशी ते त्या दिवसानंतर एकदाच त्याबद्दल बोलले. मी कपाटातून सूक्ष्मदर्शक काढत होतो. मागून आवाज आला, स्वच्छ, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं:

"त्या पाण्यावर तेल होते. ते आपल्याला दिसले असेलच."

मी सूक्ष्मदर्शक उचलला आणि वर्गावर गेलो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते माझ्याशी शुद्ध मराठीतच बोलले. "आपण खिडकी लावाल का?" "आपली घंटा झाली." इतरांशी चुडाव्याचं, माझ्याशी पुस्तकातलं. नव्या पोरांना वाटलं, सर पानसरांना मान द्यायलेत. त्यांनी मला कधी पकडून दिलं नाही आणि कधी सोडलंही नाही.

बऱ्याच महिन्यांनी एकदा त्यांनी मला बोटानं बोलावलं आणि भिंग हातात दिलं. बुंध्याच्या खालच्या ओलीत ते तिळाहून बारीक पांढरे जीव उड्या मारत होते. खोल कुठंतरी वाचले होते. मी बराच वेळ बघितलं. बोलायची ती वेळ होती. ते वाट बघत होते, असं आज मला वाटतं. मी भिंग परत दिलं आणि म्हणालो, "छान." त्यांनी मान हलवली. "आभारी आहे," म्हणाले.

गेल्या वर्षी ते चुडाव्याला वारले. आणि आता सुवर्णमहोत्सव. मी प्रदर्शन बघायला गेलो. पेटी अडगळीतून काढून, काचा पुसून त्याच सागवानी टेबलावर मधोमध ठेवली आहे. आत थर्माकोलची झाडं, हिरवे-निळे दिवे आणि प्लास्टिकच्या मुंग्या, बोटाएवढ्या, लाल. मुंगळे काळे होते हेसुद्धा कुणाला विचारावंसं वाटलं नाही. शेजारी आजचे प्राचार्य पाहुण्यांना तोच किस्सा सांगत होते. कॉलर झटकण्यापर्यंत आले तेव्हा मी मोठ्यानं म्हणालो, "वाट्या मी कोरड्या केल्या होत्या. त्यांनी नाही सोडल्या. मी सोडल्या."

सगळे खो-खो हसले. एकानं माझ्या पाठीवर थाप मारली. "पानसर, तुमीबी लय चेष्टेखोर झालाव म्हातारपणी!"

खोटं इतकं मुरलं आहे की खरं विनोद म्हणून चालतं. म्हणून हे लिहून दिलं आहे. छापायचं तर सगळं छापा. वेडे सर, प्रेमळ सर, निसर्गवेडे सर असलं काही मथळ्यात घालू नका. त्या लाल मुंग्या आधी काढून टाका.

आणि ज्यांचा अजूनही विश्वास बसत नसेल त्यांनी प्रदर्शनात जाऊन टेबलाखाली वाकावं. मीही वाकलो होतो. लोकांना वाटलं, माझं काही पडलं. सुताराकडून टेबलाला वरून चांगली चकाकी मारून घेतली आहे, पण खाली वाकायची तसदी त्यानं घेतलेली नाही. चारी पायांवर ती पांढरी रेघ तशीच आहे, चारी ठिकाणी एकाच उंचीवर. पाणी तिथपर्यंत होतं. ते मी काढलं.